करडईचं केशर आणि लग्नाचं येसर

निनाद, तू इस्तंबूलहून पाठवलेली केशराची डबी माझ्या टेबलावर आहे. झाकणावर सोनेरी घुमट, आली तेव्हा आत लाल मखमलीचा तुकडा आणि त्या मखमलीवर करडई.

हो, करडई. आपल्याकडे ज्वारीच्या शेताला कडेने पेरतात ती. तिच्या काट्यांना भिऊन गुरं आत शिरत नाहीत. थंडी सरत आली की तिला पिवळी-केशरी फुलं येतात आणि ती वेचायला कुणी वाकत नाही. तेल बियांचं, भाजी कोवळ्या पानांची, फुलं वाऱ्याची. तू समुद्र ओलांडून गेलास, त्या बाजारात घासाघीस केलीस, "आजी, निम्म्या भावात आणलं!" असं मला अभिमानाने कळवलंस आणि आणलंस काय, तर आपल्याच देवगाव रंगारीच्या बांधावरचं फूल.

वाईट वाटून घेऊ नकोस, मीही फसले. डबी उघडून सवयीने नाकाशी नेली. काहीच आलं नाही. तरी मी तुला लिहिलं, "वास फार सुंदर आहे." मला वाटलं, दोष माझ्या नाकाचा आहे.

कारण माझं नाक गेलं आहे. कसं गेलं ते डॉक्टरांवर सोडू. एका सकाळी चहाला वास नव्हता, मग साबणाला नव्हता, मग पहिल्या मोगऱ्याला. मी कुणाला बोलले नाही. मी व्यवस्थित बाई आहे. दूध किती वेळात उतू जातं, भात कधी लागतो, हे घड्याळावर बसवलं आणि चालवलं. घरात कुणाला संशय आला नाही. तुझ्या केशराने मात्र मला उघडं पाडलं.

तुझी सायलीताई थंडीत सुट्टी काढून रॉटरडॅमहून आली आहे. मी कौतुकाने तुझं केशर दुधात टाकलं. दूध लगेच पिवळं झालं, इतक्या लगेच की मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं केशर रंग सोडायला वेळ घेतं. सायलीने घोट घेतला.

"आजी, याला वासच नाही."

"असतो गं. मंद असतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि परत येऊन म्हणाली, "डोळे मीट." मी मिटले. तिने काहीतरी माझ्या नाकाखाली धरलं.

"काय आहे?"

"वेलदोडा," मी म्हणाले.

हिंग होता.

ती हसली नाही. डबीचं झाकण लावलं, माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मग आजी, येसर?"

तिने नेमकं तेच विचारलं. सायलीचं लग्न मे महिन्यात तिकडेच आहे. माझे गुडघे इतका लांबचा प्रवास करणार नाहीत, हे घरात ठरून गेलेलं आहे. तेव्हा माझ्याऐवजी येसर जाणार होतं. तुम्ही सगळ्यांनी ते खाल्लं आहे, पण होताना पाहिलं नाही. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, थोडे उडीद. धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, जायपत्री, सुंठ, खोबरं, मिरची. हे सगळं एकेक करून भाजायचं आणि दळायचं. पीठ काळसर होतं. आपल्या घरात लग्न ठरलं की आधी येसर होतं आणि पहिल्या पंगतीला त्याची आमटी असते. माझ्या आईच्या लग्नात होती, माझ्या लग्नात होती, तुमच्या आयांच्या लग्नात होती. आणि येसर सगळं नाकावर चालतं. जिन्नस घ्यायचे वासावर, भाजायचे वासावर. ते जाणणारी घरात मी एकटी उरले आहे आणि माझ्यापुढे हिंग धरला तर मी वेलदोडा म्हणते.

"बाजारात जाऊ," सायली म्हणाली. "तू सांग, मी वास घेते."

गुलमंडीच्या जुन्या बाजारात मी बऱ्याच दिवसांनी गेले. रिक्षातून उतरले आणि पायांना रस्ता आठवला. इथून उजवीकडे अत्तराचं दुकान, मग हिमरूचे कापडवाले, मग ती बारकी गल्ली, जिच्यात शिरताच शिंक यायची. गल्ली आहे. शिंक आली नाही. युसूफमियाँचं मसाल्याचं दुकान होतं तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलेली आहेत, मिरच्यांच्या माळा असाव्यात तशी, लाल, जांभळी, चमकणारी.

मी तिथे उभी राहिले आणि मला सगळं दिसायला लागलं. पोत्यांच्या दुमडलेल्या कडा. मधे गादीवर युसूफमियाँ, पाठीशी ऊद जळत असायचा. माझी आई, तुमची पणजी, नऊवारीचा पदर खोचून उभी. तिच्या मागे मी, इंग्रजी शाळेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या टायमध्ये, या गल्लीत वर्गातलं कुणी दिसू नये अशी प्रार्थना करत. आई नेहमी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारायची.

"मियाँ, धने कसे लावले?"

"अक्का, तुमकू मालूम हैच. फिर कैकू पूछते?"

"मालूम हाय म्हणूनच इचारते."

युसूफमियाँ मान मागे टाकून हसायचे. हा त्यांचा नमस्कार होता. धन्यांचा भाव गावात प्रत्येकीला ठाऊक असतो. जो धन्यांचा भाव सरळ सांगतो त्याला दगडफुलाचा विचारायचा, जायपत्रीचा विचारायचा, ज्यांचा भाव आपल्याला ठाऊक नाही त्या सगळ्यांचा विचारायचा. धन्यांतच जो खोटा निघाला, त्याच्याकडे पुढचं तोंडच उघडायचं नाही.

माझ्या वडिलांची नोकरी बदलीची होती. कधी गंगापूर, कधी वैजापूर, मधे फुलंब्री, पुन्हा इथे. एस.टी.च्या टपावर ट्रंका, वळकटी, पितळेचा बंब आणि आईच्या पदराच्या टोकाला गाठ. त्या गाठीत घरचे धने असायचे, चिमूटभर, सोबत एखादं दगडफूल. नव्या गावी सामान लागायच्या आत ती बाजाराकडे निघायची. दुकानदाराने मूठ पुढे केली की ही गाठ सोडायची, एका तळहातावर त्याचे, एका तळहातावर आपले. आधी आपल्या धन्यांचा वास, मग त्याच्या. "परक्या गावात नाक बावरतं," ती म्हणायची. "त्येला घरचा वास दाखवावा, म्हंजी ते जाग्यावर येतं."

वरवरचा माल ती घेत नसे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधली मूठ काढायची. कुटलेलं काही घ्यायची नाही, "कुटल्यावर काय बी खपतं." भाव पटला नाही तर भांडायची नाही. "येते उद्या," म्हणायची आणि चालू लागायची. मी तिच्या मागे पळायची. ती वळून बघायची नाही, पण तिचे कान मागे असायचे. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत दुकानदाराची हाक आली तर भाव खोटा होता; घेणं राहूच द्यायचं. हाक आली नाही, तर तो भाव खरा.

आणि मग ती परत फिरायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आई, आता कसं जायचं परत?" ती मात्र ताठ मानेने दुकानात शिरून सगळ्यांसमोर म्हणायची, "तुमचाच भाव खरा. द्या." मला म्हणायची, "खऱ्या भावाला परत जायला लाज कसली गं? लाज खोट्याला असती."

नव्या गावात आल्यावर महिन्याभरात ती थोडं येसर करायची, लग्न असो नसो. अंगणात नाहीतर ओसरीवर चूल, लोखंडी कढई, तिच्या हातातलं ते काळं झालेलं उलथणं. उन्हाळा असेल तर शेजारच्या घराच्या धाब्यावर मिरच्या पसरलेल्या. थंडी असेल तर कुठल्या तरी रानातून हुरड्याचा धूर येत असलेला. मी वडिलांचं घड्याळ घेऊन बसायची. मला मिनिटं हवी असायची. डाळ किती मिनिटं, धने किती मिनिटं, कधी काढायचं.

"शेजारीण दारात आली की काढायचं," आई म्हणायची.

"आणि आली नाही तर?"

"येती. वास पोचला की येती."

आणि यायचीच. कुणी तरी पदराला हात पुसत दाराशी उभी राहायची. "काय वो, येसर भाजताव का? लगीन हाय का घरात?" आई कढई उतरवायची, बसायला पाट द्यायची आणि त्या गावात तिला पहिली मैत्रीण मिळालेली असायची. गंगापूरच्या त्या बाईचं नाव मला आता आठवत नाही. तिच्या पाटल्यांचा आवाज आठवतो. वैजापूरच्या बाईने आमच्या अंगणात तुळस लावून दिली होती.

"आजी," सायली म्हणाली, "तू कव्हर घेणार आहेस का?"

मी किती वेळ मोबाईलच्या दुकानापुढे उभी होते कोण जाणे.

पहिलं दुकान सायलीने निवडलं. काचेच्या बरण्या, इंग्रजी पाट्या, दारात थंड हवा. मालकाने तिचे बूट पाहिले, तिचं मराठी ऐकलं आणि तो लगेच हिंदीत शिरला. "मॅडम, सब ऑरगॅनिक. एक्स्पोर्ट क्वालिटी." सायलीने शिकवल्याप्रमाणे विचारलं, "धने कसे दिले?" त्याने सांगितलेला भाव ऐकून मी भिंतीकडे तोंड केलं. आमच्या कामाच्या बाईंनी मागच्याच आठवड्यात धान्याच्या मोंढ्यातून धने आणले होते. हा भाव त्याच्या दुप्पट होता.

"येते उद्या," सायली म्हणाली. आम्ही पायरी उतरलो नसू तोच मागून आवाज आला. "मॅडम, सुनो तो! आपके लिए कम कर देंगे!"

सायलीने माझं कोपर दाबलं. "आजी, हाक आली."

"मग चल पुढे."

दुसरं दुकान गल्लीच्या आतल्या टोकाला होतं. दोन पायऱ्या, पोती, गोणपाटावर मांजर. मालक चाळिशीचा, कपाळाला बुक्का. त्याने धन्यांचा भाव सांगितला आणि तो खरा होता. सायलीला इतका आनंद झाला की शिकवलेलं सगळं विसरून तिने मोठ्याने विचारलं, "आणि येसर आहे का तुमच्याकडे?"

शेजारी लाल लुगड्यातल्या एक बाई लवंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"ऐका! येसर इकत! लगीन कुणाचं हाय?"

"माझं," सायली म्हणाली.

"तुझं? मग नवरा बी इकतच घेणार का गं माय?"

मालकाने तोंडावर उपरणं धरलं. सायली लाल झाली, मग तीच सगळ्यांत जास्त हसली. बाई देवगाव रंगारीच्या निघाल्या. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं, त्याच येसराचे जिन्नस न्यायला आल्या होत्या. देवगाव म्हटल्यावर मी माझ्या आजोळचं नाव सांगितलं, त्यांनी तीन घरं पलीकडचं त्यांचं सांगितलं आणि त्या क्षणापासून आमच्या खरेदीची सूत्रं त्यांच्या हातात गेली.

"पोरीला वास घ्यायला शिकवा की वो," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही नुसत्याच उभ्या."

"तीच घेणार आहे. माझं नाक गेलंय."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, तेही अनोळखी माणसांत. वाटलं होतं तितकं जड नव्हतं.

"अगं माय!" बाई म्हणाल्या. "मग घ्या उसनं पोरीचं. मला सुई दिसती का आता? सून ओवून देती, टाके मी घालते."

मालकाने दगडफुलाचे दोन ढीग पुढे केले. दिसायला दोन्ही सारखे, करड्या कागदाचे चुरगळे असावेत तसे. खरी परीक्षा इथे होती. दगडफूल कच्चं असताना वास दाखवत नाही, लपून बसतं. सायली नुसतं हुंगत होती आणि मान हलवत होती.

"तसं नाही. तळहातावर घे. चष्म्याची काच पुसताना करतो तसं हाऽ कर त्याच्यावर. मग लगेच नाकाशी ने."

तिने केलं. पहिल्या ढिगाचं घेऊन म्हणाली, "धूळ. जुना पुठ्ठा. बस्." दुसऱ्याचं घेतलं आणि थांबली. पुन्हा हाऽ केलं.

"सांग ना."

"कसं सांगू, आजी? आमच्या इमारतीखाली सायकली ठेवायचं तळघर आहे, कालव्याच्या कडेला. हिवाळ्यात त्याचं दार उघडलं की येतो, तो वास. ओलं लाकूड. आणि खाली कुठेतरी थोडा धूर."

मी ते तळघर पाहिलेलं नाही. कालवाही पाहिलेला नाही. मला काय कळणार होतं? मी डोळे मिटून ते शब्द परत एकदा म्हटले. पाण्याची कड, ओलं लाकूड, धूर. आणि मला गोदाकाठ दिसला, गंगापूरच्या दिवसांतला. नदी उतरल्यावर वर ओढून पालथ्या घातलेल्या नावा, त्यांच्या बुडाला डांबर फासणारी माणसं आणि आई दगडफूल माझ्या नाकाशी धरून म्हणत होती, "बघ, नावेचा वास येतो का न्हाई?"

"हेच," मी म्हणाले. "हेच घे."

मग गाडी चालू लागली. सायली वास घ्यायची, तिच्या शब्दांत सांगायची. मी तो शब्द माझ्याकडे कुठे बसतो ते शोधायची. लवंग तिला दातांच्या दवाखान्यासारखी वाटली. आम्हा तिघांनाही ते पटलं. दालचिनीला ती म्हणाली, "नाताळ." मी म्हटलं, "ते मला नको. गोड आहे की तिखट?" "आधी गोड, मग घशात तिखट." बरोबर. जायपत्री म्हणून मालकाने दाखवलेली तिने परत केली, "ही दिसायला लालभडक आहे, पण वास काहीच नाही." देवगावच्या बाईंनी ती चिमटीत धरून पाहिली. "रामपत्री हाय ती! काय रे?" मालक ओशाळला. "मावशी, ती स्वस्तातली, बिर्याणीवाले नेतात. ह्यांना चुकून दाखवली." खरी जायपत्री आतून आली, फिकट, भुरकी. सायलीने हाऽ केलं आणि डोळे मोठे केले. तिला शब्द लागला नाही. कधीकधी लागत नाही.

शेवटी सगळ्याचा मिळून भाव झाला. सायलीने माझ्याकडे पाहिलं. "येते उद्या," तिने म्हटलं, माझा हात धरला आणि आम्ही चालू लागलो. ती माझ्या आईसारखी चालत होती, न वळता, कान मागे ठेवून. मोबाईलच्या कव्हरांपाशी आलो. कोपरा आला.

"आजी, हाक येत नाहीये."

"नाही ना."

"मग आता?"

मी वाट पाहिली. ती कोपऱ्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली आणि हसत परत फिरली. पायरीवरूनच म्हणाली, "तुमचाच भाव खरा. द्या." मालकाने तराजूतला माल उतरवलाच नव्हता. पुड्या बांधून झाल्यावर त्याने गल्ल्यामागून अद्रकाचे दोन मोठे गड्डे काढून तिच्या पिशवीत टाकले. "फुलंब्रीच्या रानातलं आहे, घरचं. वानोळा. नवरीला नाही म्हणू नये."

निनाद, तुझी डबी मी टाकलेली नाही. धुऊन, वाळवून तिच्यात आपले धने भरले आहेत आणि वर एक दगडफूल. सायली ती तुला पाठवेल. पुढच्या गावी, पुढच्या बाजारात, ती खिशात ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसर भाजायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, गॅसची शेगडी, पण कढई आईचीच. ज्वारी झाली, गहू झाले; ती डोळ्यांनी कळतात, रंग बदलतो, दाणा तडकतो. डाळ झाली. मिरची घातली तेव्हा आम्हा दोघींना एकदमच ठसका लागला. ठसक्याला नाक लागत नाही. आम्ही खोकत होतो, डोळे पुसत होतो आणि मला वाटलं, चला, एवढं तरी अजून माझं आहे.

मग शेवटचे धने आणि दगडफूल. यांना रंग नाही, तडकणं नाही. एक क्षण आधी उतरवलं तर येसर कच्चं, एक क्षण नंतर तर कडू. सायली उलथणं फिरवत होती.

"आजी, काढू?"

"वास कसा आहे?"

"छान आहे. पण पुरेसा छान आहे का ते मला माहीत नाही. तुझ्या आईचा काही नियम नव्हता?"

मी तिला शेजारणीचं सांगितलं. ती हसली. "इथे? इथे सगळ्यांची दारं बंद असतात, आजी. आणि रॉटरडॅमला शेजारीण नाही येणार, धुराचा अलार्म वाजेल."

खरं होतं. समोरच्या घरात वर्षभरापासून एक तरुण जोडपं राहतं. ती मुलगी लिफ्टमध्ये मान हलवते, मी मान हलवते. पाटीवर दोघांची नुसती आडनावं आहेत. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"फिरवत राहा," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार? मी कढईवर वाकले. वाफ चेहऱ्याला गरम लागली. आत काही नाही, पांढरी भिंत. सायली माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्या.

"आजी, काढू?"

दारावरची घंटा वाजली.

मी भिंतीला धरत धरत गेले. दार उघडलं. समोरची मुलगी उभी होती, ऑफिसच्या कपड्यांत, एका हातात डबा, गळ्यात ओळखपत्र, घाईत असलेली आणि तरी थांबलेली. तिचं नाक अजून हवेत काहीतरी शोधत होतं.

"काकू, सॉरी हं... येसर भाजताय ना? आमच्या गंगापूरला आई असंच भाजायची. जिन्यापर्यंत वास आलाय." आणि मग, जणू वर्षभर तिला हेच विचारायचं होतं, तशी ती हसून म्हणाली, "कुणाचं लगीन हाय?"

मी मागे वळून काही सांगणार, त्याच्या आत स्वयंपाकघरातून गॅस बंद केल्याचा खटका आला.